पट्टीखालचा माणूस

ऊसपट्ट्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात एक तरुण इंजिनिअर रुजू झाला, तो हंगाम संपता संपता. गाळप थांबलं होतं. ऊसतोडीच्या शेवटच्या टोळ्या ट्रॉलीत संसार भरून आपापल्या गावांकडे निघून गेल्या होत्या, गव्हाण रिकामी पडली होती. बाहेरच्याला वाटतं, कारखाना आता दसऱ्यापर्यंत झोपणार. इंजिनिअरिंग खात्याची खरी धावपळ मात्र इथूनच सुरू होते.

पाच महिने रात्रंदिवस फिरलेली यंत्रं या दिवसांत उघडायची असतात. मिलचे अवजड रोलर बाहेर काढायचे. उसाने घासून बोथट झालेल्या त्यांच्या खाचा लेथवर पुन्हा कापायच्या. ज्याचं ओतीव कवच फारच झिजलं असेल तो रोलर नवीन कवचासाठी बाहेरच्या वर्कशॉपला धाडायचा. ज्यूस हीटर आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत क्षाराची पुटं बसलेली असतात, ती काढायची. कॅरिअरच्या साखळ्या, बेअरिंग, पंप, टर्बाइन, बॉयलरच्या नळ्या, सगळं तपासायचं, बदलायचं, पुन्हा बसवायचं. मग बॉयलरची पाण्याच्या दाबाखाली चाचणी, सरकारी निरीक्षकाची मंजुरी, दसऱ्याच्या सुमाराला अग्निप्रदीपन आणि त्यानंतर गव्हाणीत मोळी. एवढा सगळा डोलारा तोवर उभा राहायला हवा.

आधीचे चीफ इंजिनिअर हे सगळं डोक्यात ठेवून करत. खिशात एक लांबट वही असे, तीत त्यांनाच कळेल अशा खुणा. ते निवृत्त झाले तेव्हा वही त्यांच्याबरोबर घरी गेली. एका माणसाच्या आठवणीवर कारखाना चालवणं धोक्याचं असतं, हे नव्या इंजिनिअरने पहिल्याच आठवड्यात ओळखलं, आणि ते त्याने बरोबर ओळखलं. तो शिकलेला होता. त्याने संगणकावर गँट चार्ट करायला घेतला.

ज्यांनी हा चार्ट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डावीकडे एकाखाली एक कामांची यादी. वर डावीकडून उजवीकडे आठवडे. प्रत्येक काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार ते दाखवणारी एक आडवी पट्टी त्या कामासमोर काढलेली असते. एक काम झाल्याशिवाय दुसरं सुरू होत नसेल, तर त्या दोन पट्ट्यांना जोडणारा बाण. बस, एवढंच. लिहिता-वाचता येणाऱ्या कुणालाही पाच मिनिटांत समजेल असं हे साधन आहे. त्याचा सोपेपणा हाच त्याचा मोठेपणा, असं मी मानतो. मनातली घाई कागदावर उतरली की तिला वळण लागतं, चारचौघांना तिच्याविषयी बोलता येतं.

इंजिनिअरने महिनाभर खपून चार्ट पुरा केला. खात्यात फिरून कामं विचारली, प्रत्येकाला किती दिवस लागतात ते लिहून घेतलं, बाण जोडले. मनुष्यबळाचा हिशेबही केला. चौदा फिटर, पाच वेल्डर, तीन टर्नर, वीस खलाशी. सगळ्या कामांना मिळून किती माणूस-दिवस लागतील आणि दसऱ्यापर्यंत किती हाताशी आहेत, याची बेरीज मांडली. हाताशी असलेले दिवस थोडे जास्तच भरले. संचालक मंडळाच्या बैठकीत त्याने तो रंगीत चार्ट पडद्यावर दाखवला. कारखान्यात असं काम आजवर झालं नव्हतं, असं चेअरमन म्हणाले. चार्टची मोठी प्रत छापून इंजिनिअरिंग ऑफिसच्या भिंतीवर लावली गेली.

दुसऱ्या दिवशी मिल हाउसचे हेड फिटर तो बघायला आले. त्यांना सगळे मामा म्हणत. रोलरांमधलं अंतर किती ठेवायचं याचा हिशेब कागदावर होतो, पण तो लोखंडात उतरवणं हे हाताचं काम आहे. त्याला मिल सेटिंग म्हणतात. अंतर जरा जास्त राहिलं तर रस चिपाडातच जातो, जरा कमी झालं तर मिल तुंबते, बेअरिंग तापतात. हे काम कारखान्यात दोनच माणसांना येत होतं. एक मामा, आणि दुसरा त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक फिटर.

मामांनी चष्मा लावून चार्टवरून सावकाश बोट फिरवलं.

"साहेब, लई झ्याक झालंय. पर ह्यात मी कुठं हाय?"

"हे बघा ना मामा. दोन नंबर मिलचं सेटिंग, ऑगस्टचा दुसरा आठवडा."

"ते काम झालं. मी कुठं?"

"ते तुम्हीच करणार ना?"

"करणार की. पर हितं खाली बघा, फायब्रायझरची फिटिंग बी त्याच आठवड्यात हाय. ती कोण करणार?"

"आपल्याकडे चौदा फिटर आहेत, मामा."

"चौदा हायेत. त्या कामाचं दोन हायेत."

इंजिनिअर म्हणाला, "एवढं बारीक बघत बसलो तर चार्ट कधी पुराच होणार नाही. वेळ आली की बघू."

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "साहेब, कामाला दिवस लागत्यात, हे तुम्ही लिवलंय. पर दिवसाला माणूस लागतो. एकच बैल दोन औतांना जुपला तर दोन्ही रानं पडीक ऱ्हात्यात." एवढं बोलून ते मिल हाउसकडे गेले.

एप्रिल-मे छान गेले. पट्ट्या एकामागून एक हिरव्या होत गेल्या. मग जून उजाडला. मृगाचा पाऊस झाला आणि निम्मं खातं रजेवर गेलं. कारखान्यातले कामगार शेतकरीही असतात. वाफसा आला की पेरणी थांबवता येत नाही, आणि ती थांबवायला सांगणं हा अन्यायही आहे. चार्टमध्ये रविवार वगळलेले होते. पेरणी नव्हती.

जुलैत बाहेरच्या वर्कशॉपमधून रोलर वेळेवर आला नाही. सहा दिवस उशीर होणार होता. इंजिनिअरने संगणकावर ती पट्टी सहा दिवस पुढे सरकवली, तसं बाणांनी जोडलेलं सगळं आपोआप पुढे सरकलं. पडद्यावर पाहिलं तर काहीच बिघडलेलं नव्हतं. शेवटची तारीख अजून मुहूर्ताच्या अलीकडेच होती. पण पट्टी सरकते तेव्हा तिच्याखालचा माणूस सरकत नाही. त्याला त्या आठवड्यात आधीच दुसरीकडे कबूल केलेलं असतं.

वेल्डरचं असंच झालं. वेल्डर पाच होते खरे, पण बॉयलरच्या दाबाखालच्या भागांवर प्रमाणपत्र असलेल्या वेल्डरनेच काम करायचं असा नियम आहे, आणि असं प्रमाणपत्र एकाच्याच हातात होतं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात चार्टवर तीन पट्ट्या एकाखाली एक आल्या. बॉयलरच्या नळ्या, ज्यूस हीटरचं कवच आणि मिलवरचं एक जोडकाम. हीटर आणि मिलवर दुसरा वेल्डर चालला असता, पण ती कामंही बिकट, म्हणून हाक त्यालाच गेली. तिन्ही पट्ट्यांना वेगवेगळे रंग दिले होते. खाली माणूस एकच होता. तो सकाळी बॉयलरमध्ये शिरायचा, दुपारी हीटरवर, रात्री मिलवर. कुणालाही नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

पाच महिन्यांची बेरीज जुळत होती, ती अशी फसवी निघाली. एप्रिलमध्ये रिकामे बसलेले माणूस-दिवस ऑगस्टला उपयोगी पडत नाहीत. ते धान्यासारखे साठवून ठेवता येत नाहीत, त्या त्या दिवशीच संपतात. आणि एका फिटरचा दिवस दुसऱ्या फिटरच्या दिवसाच्या जागी दर वेळी चालतो, असंही नाही. मनुष्यबळाचं नियोजन करणाऱ्या पुष्कळ शहाण्या माणसांची गाडी इथेच अडते. ते डोकी मोजतात, हात बघायचे राहून जातात.

तेवढ्यात गणपती आले, मागोमाग गौरी. काम मागे पडलंय हे आता भिंतीवरच्या चार्टवरही दिसू लागलं. इंजिनिअरने तातडीने ठेकेदाराकडून वीस माणसं आणवली. माणसं कष्टाळू होती, पण हा कारखाना त्यांनी पाहिलेला नव्हता. कोणता बोल्ट कुठला, क्रेन कुठवर फिरते, हे त्यांना दाखवायला मामा आणि त्यांचा जोडीदार दिवसभर या टोकाहून त्या टोकाला पळत राहिले. त्या आठवड्यात मिल सेटिंगला त्यांचा हातच लागला नाही. संगणकाच्या जगात हे जुनं दुखणं आहे. आयबीएममध्ये एका प्रचंड सॉफ्टवेअरचं काम पाहिलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं, ते याच अनुभवातून. रखडलेल्या कामावर नवी माणसं घातली की जुन्या माणसांचा वेळ त्यांना शिकवण्यात जातो, शिवाय एकमेकांशी बोलायच्या जोड्याही वाढतात. चार माणसांत अशा सहा जोड्या असतात, आठ माणसांत अठ्ठावीस. साखर कारखाना असो की संगणक, हे गणित बदलत नाही.

सप्टेंबरात बॉयलरची चाचणी झाली तेव्हा दोन सांधे गळले. ते त्याच वेल्डरने केले होते, पण दिवसाचे सोळा तास डोळ्यांसमोर ठिणग्या घेऊन बसलेल्या माणसाकडे मी तरी बोट दाखवणार नाही. सांधे पुन्हा करायला तो मिलवरून बॉयलरवर आला आणि मिलचं काम आणखी अडलं. अग्निप्रदीपन ठरल्या मुहूर्तावर झालं, फोटो निघाले. पुढे गाळपाच्या पहिल्या दिवशी गव्हाणीत मोळी पडली, आणि संध्याकाळपर्यंत दोन नंबर मिलची बेअरिंग तापून मिल थांबली. सेटिंग घाईत झालं होतं. मिल पुन्हा उघडावी लागली. नऊ दिवस गेले.

त्या नऊ दिवसांची किंमत कुणी भरली, ते सांगायलाच हवं. टोळ्या येऊन पोहोचल्या होत्या. कारखान्याच्या माळावर खोपी उभ्या राहिल्या होत्या. ऊसतोड कामगाराला टनावर पैसे मिळतात. तोड बंद म्हणजे मजुरी बंद. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र जिथल्या तिथे राहते. पहिल्या दिवशी तोडलेला ऊस यार्डात गाड्यांवर वाळत होता. तोडलेल्या उसाचं वजन रोज घटतं, त्यातल्या साखरेचं विघटन होतं, उतारा पडतो. म्हणून तो शक्यतो दिवसभरात गाळावा लागतो. वजनकाट्यावर न गेलेल्या गाडीमागे शेतकरी हताश बसून होते. यांतला कुणीही भिंतीवरच्या चार्टमध्ये नव्हता.

चेअरमननी खुलासा मागितला. इंजिनिअर चार्ट घेऊन गेला आणि रोलर सहा दिवस उशिरा आल्याचं त्याने दाखवलं. ते खरंच होतं. पण रात्री यार्डात फिरताना एका मुकादमाने त्याला विचारलं, "साहेब, सहा दिवसांचं नऊ कसं झालं?" याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तो तसाच मामांच्या घरी गेला.

"मामा, तुम्ही विचारलं होतं, यात मी कुठं आहे. आज दाखवा मला."

मामांनी चार्टची प्रत उलटी करून जमिनीवर पसरली. कोऱ्या बाजूला इंजिनिअरने वर आठवडे लिहिले. डावीकडे या वेळी कामं लिहिली नाहीत, माणसांची नावं लिहिली. मामा एकेकाविषयी सांगत गेले. कुणाला काय येतं, कुणाला काय येत नाही, कुणाची आई आजारी आहे, कुणाची तीन एकरांची पेरणी आहे, गौरीला कोण थांबतं, कोण थांबत नाही. इंजिनिअर मधूनमधून कागद उलटून चार्टवरची पट्टी बघत आणि ती त्या त्या नावापुढे उतरवत गेला. वेल्डरच्या ओळीत ऑगस्टमध्ये पट्टीवर पट्टी चढली. जागा पुरेना. मामांच्या ओळीतही तसंच. त्याखाली नऊ-दहा फिटरांच्या ओळी त्याच आठवड्यात जवळपास कोऱ्या होत्या. एवढ्या मोठ्या चार्टने पाच महिने लपवलेली गोष्ट तासाभरात कागदावर आली.

मनात खटकत राहिलं म्हणून इंजिनिअरने आपल्या जुन्या प्राध्यापकांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी १९२२ सालचं एक पुस्तक धाडलं, वॉलेस क्लार्क यांचं 'द गँट चार्ट'. ते उघडल्यावर त्याला धक्काच बसला. त्यातल्या कित्येक चार्टांवर डावीकडे कामं नव्हतीच. तिथे यंत्रं होती आणि माणसं होती. दिवसाच्या चौकोनाची रुंदी म्हणजे त्या माणसाकडून त्या दिवशी व्हायला हवं तेवढं काम. त्यात बारीक रेघ, ती प्रत्यक्षात झालेल्या कामाची. खाली जाड रेघ, ती आठवड्याच्या बेरजेची. आणि रेघ जिथे कमी पडली तिथे एक अक्षर. माणूस गैरहजर, सामान नाही, हत्यार बिघडलं, दुरुस्ती हवी, सूचनाच मिळाली नाही, नवखा आहे, अशा एकेका कारणाला ठरवून दिलेलं अक्षर.

हेन्री लॉरेन्स गँट १८६१ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये जन्मला. इंजिनिअर होण्याआधी तो शाळेत शिक्षक होता, आणि माझ्या मते त्याच्या पुढच्या कामाची किल्ली इथे आहे. १८८७ पासून फिलाडेल्फियाच्या मिडवेल पोलाद कारखान्यात त्याने फ्रेडरिक टेलरबरोबर काम केलं, पुढे बेथलेहेम स्टीलमध्येही. टेलर कामाला घड्याळ लावून गेला. गँटने त्यात माणसाला शिकवायची गोष्ट आणली. ठरलेलं काम पुरं करणाऱ्या कामगाराला त्याने बोनस ठेवला, आणि त्या कामगाराच्या मुकादमालाही. मुकादमाच्या हाताखालची सगळी माणसं बोनसपर्यंत पोहोचली तर मुकादमाला आणखी थोडं जास्त. म्हणजे मागे पडलेल्याला दटावण्यापेक्षा शिकवण्यात मुकादमाचा फायदा. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या शस्त्रागारांत आणि जहाजबांधणीत त्याचे चार्ट वापरले गेले. १९१९ मध्ये तो गेला. त्याच वर्षी आलेल्या पुस्तकात त्याने यंत्रं रिकामी का उभी राहतात याचे चार्ट दिले. सामान नव्हतं, माणूस नव्हता, काम नव्हतं, दुरुस्ती अडली होती. ही सगळी कारणं कामगाराच्या हाताबाहेरची, कारखाना चालवणाऱ्यांच्या पदरातली आहेत. चार्टचा आरसा त्याने वरच्या मजल्याकडे धरला होता.

असाच तक्ता गँटच्या आधी पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारास केला होता, पण तो इंग्रजी जगात फार उशिरा पोहोचला. कामांना बाणांनी जोडायची रीत तर पन्नाशीच्या दशकातली. ड्यूपाँ कंपनीत १९५७ च्या सुमारास क्रिटिकल पाथची पद्धत आकाराला आली, अमेरिकन आरमाराची पर्ट पद्धत १९५८ ची. बाण आले, मग संगणक आला, आणि या सगळ्यात डावीकडच्या रकान्यातून माणूस हळूहळू बाहेर गेला. तिथे काम येऊन बसलं.

पुढच्या वर्षी हंगाम संपण्याआधीच इंजिनिअर कामाला लागला. त्याने दोन चार्ट केले. एक कामांचा, एक माणसांचा. पहिल्यावरची कोणतीही पट्टी दुसऱ्यावर कुणाच्या तरी ओळीत जागा मिळाल्याशिवाय पक्की करायची नाही, असा नियम घातला. आणि चार्ट लावला मिल हाउसच्या दारात, सगळे येता-जाता बघतील असा.

पहिला फायदा लगेच दिसला. ज्यूस हीटरचं वेल्डिंग ऑगस्टमध्येच व्हायला हवं असं काही नव्हतं. ते मे महिन्यात केलं तरी चालण्यासारखं होतं. प्रत्येक चार्टमध्ये अशी सैल कामं असतात, मागेपुढे केली तरी शेवटची तारीख हलत नाही अशी. माणसांचा चार्ट समोर नसेल तर ती कुठे सरकवायची ते कळत नाही. अशी पाच-सहा कामं एप्रिल-मेमध्ये आणल्यावर वेल्डरच्या ओळीत एका दिवशी एकच पट्टी राहिली.

मामांच्या ओळीत एप्रिल-मेमध्ये एक नवीन पट्टी आली. तिच्यावर लिहिलं होतं "शिकवणे", आणि तीच पट्टी दोन तरुण फिटरांच्या ओळींत "शिकणे" म्हणून होती. मामा दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. शिकवण्याला दिवस लागतात आणि ते दिवस चार्टवर मांडले नाहीत तर कधीच मिळत नाहीत. त्या दोन महिन्यांत जुन्या, काढून ठेवलेल्या रोलरांवर मामांनी त्या दोघांना चार वेळा सेटिंग करायला लावलं.

कार्यकारी संचालकांनी चार्ट पाहिला आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यावर बोट ठेवलं. "हे एवढं पांढरं का?"

"पेरणी आहे, साहेब."

"आणि हे?"

"गौरी-गणपती."

"म्हणजे तुम्ही सुट्ट्या आधीच मान्य करून टाकल्या?"

"साहेब, त्या दर वर्षी होतातच. मागच्या वर्षी आपण त्या फक्त लिहिल्या नव्हत्या."

संचालक थोडा वेळ बघत राहिले आणि त्यांनी सही केली.

दर शनिवारी दुपारी खातं चार्टसमोर जमू लागलं. ज्याची रेघ कमी पडली त्याने स्वतः कारण सांगायचं आणि तिथे अक्षर लिहायचं. सामानाला "सा", हत्याराला "ह", रजेला "र", शिकाऊला "शि". पहिल्या दोन शनिवारी माणसं बिचकत होती. अक्षर लागलं म्हणजे पगार कापणार, असं त्यांना वाटत होतं. कुणाचा काही कापला गेला नाही, तेव्हा ती मोकळी बोलू लागली. जूनअखेर चार्ट बघितला तर सगळीकडे "सा" पसरलेला होता. बेअरिंग, गॅस्केट, इलेक्ट्रोड वेळेवर येत नव्हते. खरेदीच्या फाइली टेबलांवर पडून होत्या. आजवर ज्याला कामगारांची ढिलाई म्हटलं जायचं ती निम्म्याहून अधिक खरेदी विभागात होती. हे संचालक मंडळापुढे ठेवणं सोपं नव्हतं. इंजिनिअरने ते ठेवलं. चेअरमनना आवडलं नाही, पण चार्ट समोर होता आणि त्यावरची अक्षरं कामगारांच्या हातची होती. पुढच्या खेपेपासून खरेदीचे आदेश मार्चमध्येच निघायचे, असं ठरलं.

रोलर त्याही वर्षी उशिरा आला, या वेळी आठ दिवसांनी. इंजिनिअरने पट्टी सरकवण्याआधी माणसांचा चार्ट बघितला. मामांचा तो आठवडा एका वेगळ्या मिलला दिलेला होता. त्याने मामांना विचारलं. मामा म्हणाले, "पोरं करतील. मी उभा ऱ्हातो." दोन नंबरचं सेटिंग त्या दोघा तरुणांनी केलं, मामा मागे हात बांधून उभे राहिले, एकदाच पुढे आले. बॉयलर पहिल्या चाचणीत उतरला. मोळी ठरलेल्या दिवशी पडली आणि मिल चालत राहिली. टोळ्यांना पहिल्याच दिवसापासून तोड मिळाली.

ही गोष्ट साखर कारखान्याची आहे, पण असे चार्ट आज सगळीकडे आहेत. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत, पुलाच्या बांधकामावर, इस्पितळात, निवडणुकीच्या तयारीत, शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा. तुमच्या भिंतीवर किंवा तुमच्या संगणकात असा चार्ट असेल, तर या आठवड्यात एवढं करा. ज्याच्यावाचून तुमचं काम अडतं अशा एका माणसाचं नाव घ्या आणि पुढचा महिना त्या नावाने वाचून काढा. ते नाव एका दिवशी दोन पट्ट्यांखाली सापडलं तर तारीख बदला, नाहीतर काम कमी करा. आणि काय बदलायचं ते ठरवण्याआधी त्या माणसाला बोलावून विचारा.